चहाच्या रंगाचं टोक

माझ्या सासूबाई तैस्या गोर्देयेव्ना यांची नोकरी मोडण्याची होती. अणुसंशोधन संस्थेत बाकीची माणसं काही ना काही जोडायची, बांधायची, निदान जोडल्याचा अहवाल तरी लिहायची. सासूबाई सकाळी आठला यंत्रापुढे बसायच्या आणि काड्या मोडायच्या. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनं गावाकडून येऊन विचारलं, "विहीणबाई काय करतात?"

"मोडतात."

"आणि पगार देतात त्याचा?"

"बोनससुद्धा देतात."

आई आमच्या गावच्या कापड गिरणीत कम्युनिस्ट पक्षाच्या सभांना पहिल्या रांगेत बसणारी बाई. तरी तिनं शालीआड क्रूसाची खूण करून घेतली.

मोडायच्या काड्या म्हणजे साध्या काड्या नव्हत्या. काचेच्या धाग्यांचं कापड राळेत भिजवायचं, थरावर थर दाबायचे, भट्टीत भाजायचे आणि त्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या. मग त्या पट्ट्या कोबाल्टच्या हॉलमध्ये जायच्या. जाड भिंतींच्या त्या हॉलच्या एका टोकाला पाण्याची टाकी होती आणि टाकीच्या तळाशी किरणं सोडणाऱ्या कोबाल्टच्या कांड्या. त्या पाण्यातून वर काढल्या की आत माणूस नको, नुसत्या पट्ट्या. काही पट्ट्या आठवडाभर किरण खायच्या, काही वर्षभर. बाहेर आल्या की सासूबाई त्या यंत्रात दोन टेकूंवर आडव्या ठेवायच्या, वरून दाब द्यायच्या आणि कितीला मोडली ते सांगायच्या. मोठ्या यंत्रांच्या तारांवर हेच राळेचं वेष्टण असतं आणि तिथं किरणांचा मारा बारा महिने चालतो. वेष्टण किती वर्षं धरेल हे मॉस्कोला हवं असायचं. मॉस्कोला का हवं असायचं हे सासूबाईंनी कधी विचारलं नाही. मॉस्कोनंही सासूबाईंबद्दल काही विचारलं नाही. तीस वर्षं असं छान चाललं होतं.

मी या घरात घरजावई म्हणून आलो तेव्हा जेवताना एकदा विचारलं होतं, की त्या पट्टीला आत नेमकं होतं काय. सासूबाईंनी सूप ढवळत सांगितलं, "धागा काचेचा. त्याला काही होत नाही. त्याला धरून ठेवणारी राळ असते ना, ती थकते."

"राळ कशी थकेल?"

"माणूस थकतं तशीच. पहिल्यांदा थोडे किरण लागले तर उलट ताठ होते. वाटतं, वा, आधीपेक्षा बरी झाली. मग आतल्या गाठी एकेक सुटायला लागतात. बाहेरून पट्टी तशीच दिसते, फक्त रंग बदलतो. मधासारखी आत जाते, पातळ चहासारखी होते आणि शेवटी किटलीत रात्रभर राहिलेल्या चहासारखी बाहेर येते. चांगली पट्टी मोडायच्या आधी कुरकुर करते. ती काळी मात्र काही बोलत नाही. वाळवलेल्या पावासारखी कट्कन जाते." एवढं बोलून त्यांनी चमचा ठेवला. "सूप घे. गार होतंय."

त्या घरात सासूबाईंच्या कामाबद्दल झालेलं हे सर्वांत लांब बोलणं. माझे सासरे प्रोखोर इल्यिच तेव्हा मासळीचे काटे काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. ते निवृत्त क्रेनचालक. आयुष्यभर उंचावरून लोकांकडे बघितल्यामुळे खाली उतरल्यावर त्यांना कुणाशी काय बोलावं ते सुचत नसे. बायकोच्या नोकरीबद्दल त्यांचं एकच मत होतं. "तायका मोडते," असं ते पाहुण्यांना सांगत आणि हसत. पाहुणेही हसत. सासूबाई बशा उचलत.

सासूबाईंच्या थकण्याबद्दल मात्र सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. आमचं घर पाचव्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. त्यांचे गुडघे गेलेले. त्या जिना चढताना प्रत्येक मजल्यावर थांबत आणि शेजारणींना वाटे की बाई गप्पा मारायला थांबल्यात. त्यामुळे त्यांना गप्पाही माराव्या लागत. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्ती आणि त्याला अजून वर्ष होतं. निवृत्तीनंतर काय करणार, असं कुणी विचारलं तर म्हणत, "बसणार." कुठं बसणार, हेही ठरलेलं होतं. बागेत.

बाग नाल्यापलीकडे होती. संस्थेनं कामगारांना भाजीपाल्यासाठी जमिनीचे तुकडे दिले होते आणि त्या बागवाडीला अणुवाल्यांच्या खोडीप्रमाणे 'न्यूट्रॉन' नाव ठेवलं होतं. वसाहतीच्या शेवटच्या इमारतीवरून पाहिलं तर बाग समोर दिसे, कोबीचे गड्डे मोजता येतील इतकी. पण मध्ये खोल नाला. नाल्यावर दर वर्षी ओंडक्यांचा साकव घालायचा आणि दर वसंतात बर्फ फुटला की तो साकव नदीला अर्पण व्हायचा. मग सगळी वसाहत बादल्या, फावडी, टोमॅटोची रोपं घेऊन रेल्वेच्या भरावावरून भलामोठा वळसा घालून पलीकडे जायची. सासूबाई त्या भरावावर तीनदा बसायच्या. गेल्या उन्हाळ्यात चौथ्यांदा बसायला लागल्या. त्या दिवशी घरी येऊन म्हणाल्या, "पूल झाला नाही तर पुढच्या वर्षी बाग विकून टाकू. मला जमत नाही आता." त्या रात्री प्रोखोर इल्यिचनी दोनदा उठून पाणी प्यायलं.

म्हणून वालेर्यान कार्पोविच जेव्हा तुळयांची बातमी घेऊन आले तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात सण झाला.

वालेर्यान कार्पोविच म्हणजे संस्थेच्या भांडाराचे प्रमुख आणि बागवाडीचे अध्यक्ष. संस्थेतून निघालेली जुनी वस्तू बागेत नेणं हा आमच्याकडे धर्मच होता. काचगृहांना प्रयोगशाळेच्या खिडक्या, कुंपणाला तांब्याच्या गुंडाळ्यांची लाकडी चाकं, आणि अध्यक्षांच्या न्हाणीघराला तर विमानाच्या नाकाचा तुकडा. त्यात गैर काही नव्हतं. भंगारात काढलेलं होतं, दारावर परवाना दाखवून नेता येत होतं. फक्त चेर्नोबिलनंतरच्या त्या दोन वर्षांत एक नवी रीत पडली होती. काहीही बाहेर काढायचं तर आधी फेदोतला बोलवायचं. फेदोत किरणं मोजणारा. त्याचं यंत्र वस्तूवरून फिरायचं, आणि ते गप्प राहिलं की वस्तू पवित्र. मग ती कितीही कुजकी असो. लोक बाजारातून काकड्या आणूनसुद्धा फेदोतच्या दारात उभे राहत.

"कोबाल्टच्या हॉलची जुनी चौकट उतरवली," वालेर्यान कार्पोविच खुर्चीवर बसता बसता म्हणाले. "काचधाग्याच्या तुळया, तैस्या गोर्देयेव्ना! या भिंतीपासून पार त्या भिंतीपर्यंतच्या. नाल्याच्या मापाच्याच जणू. कुजत नाहीत, गंजत नाहीत. आणि फेदोत फिरला त्यांच्यावरून. यंत्र असं गप्प, की त्यानं बॅटरी बदलून बघितली."

"गप्पच राहणार," सासूबाई म्हणाल्या. "दिव्यासमोर ठेवलेलं भांडं स्वतः दिवा होत नाही. पण त्या किती वर्षं होत्या तिथं?"

"असतील की बरीच. म्हणूनच तर आलो." त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक तुकडा टेबलावर ठेवला. "दारावरच्या भागातून कापून आणलाय. तुमच्या यंत्रात घालून बघा, म्हणजे तुमचंही समाधान आणि माझंही."

तुकडा पिवळा होता, पिकल्या मधासारखा. सासूबाईंनी तो हातात फिरवला, नखानं टिचकी मारली. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्या त्या न थांबता पाच मजले चढून. "बेटी मोडायलाच तयार नव्हती," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मी त्या घरात येऊन दोन वर्षं झाली होती. सासूबाईंचा वरचा एक दात सोन्याचा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

एप्रिलभर प्रोखोर इल्यिच नाल्यावर राबले. आम्ही तरुण मंडळी सुट्टीच्या दिवशी दोर ओढायला जायचो, पण पूल त्यांचा होता. दोन्ही काठांवर दगडी बैठका, वर तीन तुळया शेजारी शेजारी, त्यावर फळ्या. सासरेबुवांना शिस्त फार. तीनही तुळयांना एका टोकाला जुनी भोकं होती, तेव्हा ती टोकं सगळी एकाच काठाला, बागेच्या बाजूला, एका रेषेत आली पाहिजेत. एक तुळई उलटी पडली होती तर त्यांनी आम्हाला ती परत उचलून फिरवायला लावली. मग बाकांसाठी आणलेला हिरवा रंग कुठूनसा मिळवून त्यांनी पूल वरून, खालून, बाजूनं रंगवला. संध्याकाळी घरी यायचे ते कोपरापर्यंत हिरवे. जेवताना स्वतःहून बोलायचे! "आज कठडा बसवला." "आज मधल्या फळ्या." सासूबाई त्यांच्या ताटात न मागता बटाटे वाढायच्या. माझी बायको झोया रात्री माझ्या कानात म्हणाली, "बाबांना प्रेमात पडल्यासारखं झालंय."

"कुणाच्या?"

"झोप तू."

मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या. आमच्याकडे त्या सुट्ट्यांत बटाटे लावायचे असतात. देश काय साजरं करतोय ते नंतर. पूल त्या सकाळी उघडणार होता. वालेर्यान कार्पोविच लाल फीत आणणार होते. पण प्रोखोर इल्यिचना बायकोला सगळ्यांच्या आधी पुलावरून न्यायचं होतं, त्यामुळे आम्ही लवकरच निघालो. पुढे ती दोघं, मागे मी, दोन्ही हातांत बादल्या आणि पाठीवर बटाट्यांचं पोतं. घरजावयाला बैल ठेवण्याचा खर्च वाचतो, असं सासरेबुवा म्हणायचे. हा त्यांचा दुसरा विनोद.

"चल ताया. तुला पहिली," ते म्हणाले. त्यांनी टोपीसुद्धा काढली.

सासूबाई फावड्याचा काठीसारखा आधार घेऊन पुलावर चढल्या. मी अलीकडे बादल्या खाली ठेवून घाम पुसत होतो. फळ्यांच्या कडेनं तुळईचा काठ उघडा होता आणि चालताना फावड्याचा दांडा त्यावर पडत होता. टण्. टण्. टण्. छान आवाज होता, भरलेल्या माठाचा नव्हे, रिकाम्या डब्याचाही नव्हे, मध्ये कुठला तरी. त्या मध्यावर थांबल्या, खाली पाण्याकडे बघितलं, पलीकडे बागेकडे बघितलं. प्रोखोर इल्यिच काहीतरी दाखवत होते. मग त्या पुढे निघाल्या. टण्. टण्.

आणि मग थप्.

त्या थांबल्या. मागे आल्या. टण्. पुढे गेल्या. थप्. दुसऱ्या बाजूच्या तुळईवर दांडा आपटला. थप्.

"काय करतेस? रंग निघेल," सासरेबुवा म्हणाले.

सासूबाईंनी खिशातून घराची किल्ली काढली, कठडा धरून कशाबशा वाकल्या आणि तुळईवरचा रंग खरवडला. बराच वेळ बघत राहिल्या. मला एवढ्या लांबून काही दिसत नव्हतं, पण त्यांच्या पाठीकडे बघून पोतं खाली ठेवावंसं वाटलं.

"प्रोखोर," त्या म्हणाल्या, "हे टोक हॉलमध्ये कुणीकडे होतं?"

"मला काय ठाऊक? मी काय तिथं राहायला होतो?"

"तिन्ही तुळयांची ही टोकं एकाच बाजूला लावलीस?"

"एका रेषेत!" ते अभिमानानं म्हणाले.

"परत चल. कठड्याला टेकू नकोस. आधी तू जा, मग मी येते. दोघांनी एकदम नको."

त्या अलीकडे आल्या तेव्हा चेहरा पिठासारखा झाला होता. माझी एक बादली त्यांनी रिकामी केली, पुलाच्या तोंडाशी उलटी ठेवली आणि तिच्यावर बसल्या. मागाहून वसाहतीत सगळीकडे झालं की तैस्या गोर्देयेव्नांनी पूल अडवून सत्याग्रह केला. खरी गोष्ट अशी, की त्यांचे गुडघे दुखत होते आणि बसायला दुसरी जागा नव्हती.

"तुकडा दारावरच्या टोकाचा होता," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "दार कोबाल्टपासून सर्वांत लांब. तुळई एवढी लांबलचक. हे टोक दाराशी, म्हणजे ते टोक टाकीच्या डोक्यावर. तीस वर्षं मी पट्टी हातात घेतली की पहिलं विचारते, कुठं होतीस. तीस वर्षं! आणि या खेपेला नाही विचारलं." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला पूल हवा होता ना."

तोवर लोक यायला लागले. विजयदिनाची पदकं लावलेले म्हातारे, दुधाच्या खोक्यांत टोमॅटोची रोपं घेतलेल्या बाया, हातगाड्या. वालेर्यान कार्पोविच फीत आणि झाडं छाटायची कात्री घेऊन आले.

"अरे वा! मालकीणबाई आधीच सिंहासनावर!"

"वालेर्यान कार्पोविच, पूल उघडू नका."

त्यांना वाटलं थट्टा आहे. मग सासूबाईंनी सांगितलं. मोठ्यानं सांगायचं अंगात नव्हतं, त्यामुळे पुढचे लोक मागच्यांना सांगत गेले आणि मागे पोचेपर्यंत पूल किरणं सोडतोय असं झालं. दोन बाया रोपांवर डोक्याचे रुमाल घालून मागे सरल्या. फेदोत गर्दीतच होता. तो लगेच पुढे झाला, यंत्र कमरेला होतंच. तुळईवरून या टोकापासून पार त्या टोकापर्यंत फिरवून आला. सासूबाई ओरडल्या, "पुलावर जाऊ नकोस!" पण तो गेलाच, हलका होता, आलाही. यंत्र गप्प.

"बघा!" वालेर्यान कार्पोविच म्हणाले.

"त्याला काय विचारता?" सासूबाई म्हणाल्या. "मेलेल्या कोंबडीला ताप येत नाही."

"पण तुम्हीच मोडून बघितलंत! तुम्हीच म्हणालात, चांगली आहे!"

"म्हणाले. चूक माझी. कुठल्या टोकाची ते विचारलं नाही."

"अगं ताया," ग्लाशा म्हणाली. ही आमच्या खालच्या मजल्यावरची, हिच्या दारात सासूबाई दमून थांबायच्या. "मोडेल असं म्हणतेस का तू? सरळ सांग. मोडेल?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"माहीत नाही म्हणजे माहीत नाही. कदाचित दहा वर्षं टिकेल. कदाचित तू बटाटे घेऊन निम्म्यावर जाशील. मोडल्याशिवाय मला काही कळत नाही, ग्लाशा. मला दुसरं काही येत नाही."

लोकांना 'मोडेल' चाललं असतं, 'मोडणार नाही' तर फारच चाललं असतं. 'माहीत नाही' ऐकायला कुणी सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून येत नाही. गर्दीत कुरबुर सुरू झाली. कुणी म्हणालं, म्हातारीला ऊन लागलंय. कुणी म्हणालं, निवृत्त होण्याआधी नाव गाजवायचंय. एक म्हातारा पदकांचा खणखणाट करत म्हणाला, की युद्धात आम्ही दोरावरून नद्या ओलांडल्या. सासूबाई खाली बघत बसल्या होत्या.

प्रोखोर इल्यिच टोपी हातात घेऊन उभे होते. कोपरावर अजून हिरवा रंग होता. शेवटी ते बायकोसमोर येऊन उभे राहिले.

"तीस वर्षं मोडतेस," ते म्हणाले. आवाज इतका हळू होता की जवळच्यांनाच ऐकू आला. "मी कधी काही म्हटलं? मी आयुष्यात एकदा काहीतरी बांधलं. तुझ्यासाठी बांधलं. तेही मोडायचंय तुला?"

सासूबाईंनी वर बघितलं. मला वाटलं आता त्या उठतील आणि बाजूला होतील. खरंच वाटलं. त्यांना तो पूल सगळ्या गर्दीपेक्षा जास्त हवा होता आणि हा माणूसही, त्याच्या मासळीच्या काट्यांसकट. उठायला त्यांनी गुडघ्यावर हात ठेवलासुद्धा.

पण त्या म्हणाल्या, "वाळूची पोती भरा. हातगाडीवर घाला आणि दोरानं पलीकडून ओढा. टिकला तर मी सगळ्यांची माफी मागेन आणि पहिली जाईन."

"माझ्या पुलावर पोती नाही जाणार," सासरेबुवा म्हणाले. "मी जातो. मध्यावर उभा राहून नाचतो. मग तर झालं?" आणि खरंच निघाले. बादलीला वळसा घालून त्यांनी एक पाय फळीवर टाकला.

"जा," सासूबाई म्हणाल्या. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत, नुसतं माझ्याकडे बोट केलं. "पण बँकेचं पासबुक कुठं ठेवलंयस ते तिमोशाला सांगून जा. मागच्या खेपेला आठवडाभर शोधत होतो."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रोखोर इल्यिच फळीवर एक पाय टाकून तसेच उभे राहिले. मग त्यांनी तो पाय मागे घेतला, टोपी डोक्यावर ओढली आणि माझ्यावर खेकसले, "बघतोस काय? वाळू भर!"

वाळू नाल्याच्या काठाला हवी तेवढी होती. वालेर्यान कार्पोविचनीही कोट काढून फावडं घेतलं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. दोराचं टोक घेऊन पलीकडे जायला कुणी तरी हवं होतं आणि ते कोण हे विचारण्याची पद्धत आमच्या घरात नव्हती. मी दोर कमरेला बांधून नाल्यात उतरलो, घोटाभर बर्फाळ पाण्यातून पलीकडची उभी दरड हातापायांवर चढलो आणि शेजारच्या बागेतल्या दोघांना हाक मारली. आम्ही तिघं ओढायला लागलो.

पोत्यांनी भरलेली गाडी पुलावर चढली. चाकं फळ्यांवर गडगडली. तुळया किंचित वाकल्या आणि कुरकुरल्या, आणि मला सूप ढवळणाऱ्या सासूबाई आठवून बरं वाटलं. गाडी मध्यावर आली. पूल उभा होता. पलीकडे लोकांनी टाळ्या वाजवल्या. वालेर्यान कार्पोविचनी फीत हलवली. सासरेबुवांनी छाती पुढे काढली. सासूबाई बादलीवर होत्या तशा होत्या. आम्ही पुढे ओढलं. अजून थोडं. गाडीचं पुढचं चाक आता माझ्यापासून दोन उड्यांवर होतं. त्यावरचा गंज मला दिसत होता.

कुरकुर थांबली. म्हणजे त्या टोकाला काही बोलायचंच नव्हतं. कट्. एक. आणि लगेच दुसऱ्या दोन, जवळजवळ एकत्र. वाळवलेला पाव मोडावा तसा आवाज. फळ्या उभ्या झाल्या, गाडी पाठीवर पडली, आणि वाळू, पोती, हिरवा कठडा सगळं नाल्यात गेलं. दोर माझ्या हातातून सणसणत निघून गेला आणि तळहाताची कातडीही घेऊन गेला. दगडी बैठकेवर माझ्या पायाशी एक तुटकं टोक उरलं होतं. बाहेर हिरवं, आत किटलीतल्या शिळ्या चहासारखं. धागे शेणीतल्या काडकचऱ्यासारखे सुटे लोंबत होते. मी एक ओढला तर हातात आला.

पलीकडे ग्लाशानं हात तोंडावर ठेवला होता. वालेर्यान कार्पोविच फीत हातावर गुंडाळत होते, फार नीट, जणू ती परत भांडारात जमा करायची आहे. मला वाटलं होतं, लोक सासूबाईंकडे जातील, काही म्हणतील. पण काय म्हणणार? आभार मानले असते तर आपण कुठं पाऊल टाकणार होतो तेही बोलावं लागलं असतं. एकेक जण बादल्या उचलून भरावाच्या वाटेला लागला. लोक सासूबाईंच्या समोरून जाताना जरा वाकत होते, मयताच्या घरावरून जाताना वाकतात तसे.

सासूबाई सर्वांत शेवटी उठल्या. उठल्या म्हणजे सासरेबुवांनी उठवलं. दोघं तुटक्या पुलाकडे बघत उभी राहिली. ते काय बोलले मला पलीकडून ऐकू आलं नाही. मग सासरेबुवांनी बादल्या उचलल्या, बटाट्यांचं पोतं पाठीवर घेतलं आणि दोघं भरावाच्या दिशेनं निघाली.

मी एकटा आमच्या तुकड्यावर जाऊन ओल्या बुटांनी बसलो. भरावावरून माणसांची रांग सरकताना दिसत होती आणि रांगेच्या मागे, बरंच मागे, दोन ठिपके. ते थांबायचे. परत चालायचे. परत थांबायचे. किती वेळा थांबले ते मी बघितलं नाही. मुद्दाम दुसरीकडे बघत होतो.

ती दोघं पोचली तेव्हा लोकांचे निम्मे वाफे झाले होते. सासूबाईंनी माझा सोललेला हात बघितला, रुमालानं बांधला आणि म्हणाल्या, "डाव्या हातानं खणता येतं." मग उलट्या बादलीवर बसल्या. प्रोखोर इल्यिचही खाली मातीतच बसले, सासूबाईंच्या पायाशी. बागवाडीत एवढी माणसं होती, पण नुसता फावड्यांचा आवाज येत होता. मी डाव्या हातानं खणायला लागलो.

बऱ्याच वेळानं सासरेबुवा म्हणाले, "ताया."

"हं."

"ती भोकं होती ना, त्या टोकाला. ती कोबाल्टकडच्या बाजूला का पाडली असतील?"

"पट्ट्या टांगायला. कोबाल्टच्या जवळ टांगायच्या असायच्या ना."

"तुझ्या पट्ट्या?"

"माझ्याच."

ते मातीचं एक ढेकूळ हातात घेऊन चुरत राहिले. मग त्यांनी मान वर केली. मी फावडं थांबवलं, कारण पुढचा प्रश्न या घरात त्यांनी कधी विचारला नव्हता.

"ती राळ," ते म्हणाले, "थकते म्हणजे नेमकं काय होतं गं तिला?"

सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग डोळे मिटून पाठ कुंपणाला टेकवली.

"उद्या सांगते, प्रोखोर," त्या म्हणाल्या. "आज दमलेय."